गेर्लोफनं गावाचे अधिकार पुसले

मुलीचं लग्न साडेनऊला आणि बाप आठ वाजताच कचेरीत जाऊन बसलेला, असा बाप अख्ख्या वाल्डरसिल गावात एकच. गेर्लोफ पोस्टमा. नगरपालिकेचे कॉम्प्युटर सांभाळणारा.

बायकोनं, आफ्केनं, आदल्या दिवशी सांगून पाहिलं होतं. "अरे, पोरगी एकुलती एक. एक दिवस रजा टाक की."

"लग्न दहा मिनिटांचं. त्याला अख्खी रजा? लग्न तळमजल्यावर, माझी खुर्ची दुसऱ्या मजल्यावर. जिना उतरलो की लग्नात."

"मरशील तेव्हासुद्धा रजा शिल्लक ठेवून मरशील," असं म्हणून आफ्के त्याच्या शर्टाला इस्त्री करायला लागली.

लग्न दहा मिनिटांचं होतं हे मात्र खरं. मंगळवारी सकाळी नगरपालिकेत फुकट लग्न लागतं. हॉल नाही, फुलं नाहीत, भाषण नाही. काउंटरपाशी उभं राहायचं, हो म्हणायचं, सही ठोकायची आणि बाजूला व्हायचं. फुकट म्हटल्यावर रांग लागणारच. नीनके आणि तिचा वेसेल गेल्या वर्षापासून नंबर लावून बसले होते. त्यात वेसेल समुद्रातला गाळ उपसणाऱ्या जहाजावर कामाला. दोनदा तारीख मिळाली आणि दोन्ही वेळा जहाजानं त्याला बोलावून घेतलं. आताही उद्या पहाटे तो निघणार, ते थेट हिवाळ्यात उगवणार. म्हणून नीनकेनं बापाला बजावलं होतं, "बाबा, या वेळी आभाळ कोसळलं तरी लग्न होणार. कळलं?"

"आभाळ कशाला कोसळतंय," बाप म्हणाला होता.

आभाळाचं काही नव्हतं. ते बिचारं जागेवर होतं.

आता काम काय होतं ते सांगतो. नगरपालिकेत प्रत्येक माणसाला सिस्टीममध्ये अधिकार दिलेले असतात. कुणी पूल वर-खाली करायचा, कुणी जन्ममृत्यू नोंदवायचे, कुणी लग्न लावायचं, कुणी नुसतंच दार उघडून आत यायचं. माणसं नोकरी सोडून जातात, पण अधिकार मागं राहतात, कोटाच्या खिशात राहिलेल्या रुमालासारखे. ते एकदा साफ करायचं ठरलं. ठरलं म्हणजे लगेच झालं असं नाही. इकडे आधी सगळ्यांनी बसून बोलायचं असतं, मग परत बसून तेच बोलायचं असतं. सगळ्यांच्या माना हलल्याशिवाय पान हलत नाही.

पहिल्या बैठकीत ठरलं की ज्यांचे अधिकार काढायचे त्यांच्या नावापुढं खूण करायची. शेवटच्या बैठकीत साहेबीणबाई, रेन्स्के, म्हणाली, "गेलेल्या माणसांच्या नावावर खुणा मारणं काही बरं दिसत नाही. उलटं करू. जे राहणार त्यांच्यापुढं खूण करू." सगळ्यांच्या माना हलल्या. एक मान तेवढी हलली नाही, कारण ती खोलीतच नव्हती. त्या दिवशी कॉफीची पाळी गेर्लोफची होती. तो बिचारा मशीनपाशी ट्रे घेऊन उभा होता, कुणाला बिनदुधाची आणि कुणाला दोन साखरेची ते आठवत. परत आला तेव्हा सायकलींच्या छपरावर चर्चा चालू झाली होती. बैठकीचं टिपण नंतर आलं, पण बैठकीला स्वतः हजर असलेला माणूस टिपण कशाला वाचेल?

आणि वर गेर्लोफची हुशारी. पडद्यावरून एकेकाचे अधिकार काढायला गेलं की सिस्टीम प्रत्येक नावाला तीनदा विचारते, नक्की का, खरंच नक्की का, पुन्हा विचार करा. शेकडो नावं. त्यापेक्षा गेर्लोफनं एक छोटासा प्रोग्राम लिहिला. तो पडद्याच्या वाटेला जातच नव्हता. मागच्या दारानं थेट सिस्टीमच्या पोटात शिरायचा, खूण असलेलं नाव दिसलं की त्याचे अधिकार काढायचे आणि पुढं जायचं. मागच्या दाराला कुणी काही विचारत नाही. तीच त्याची सोय आणि तीच त्याची खोड.

गेर्लोफनं प्रोग्राम सोडला, टाय बांधला. टायची गाठ बसायच्या आत काम झालं. पडद्यावर आलं, चुका शून्य.

"असं काम असावं," गेर्लोफ स्वतःशीच म्हणाला. मग सवयीनं किती जण उरले ते बघायला गेला, तर पडदा म्हणाला, तुम्हाला हे बघायचा अधिकार नाही.

"मला?" गेर्लोफ पडद्याला म्हणाला.

पडदा काही बोलला नाही. त्याला जे सांगायचं ते त्यानं सांगितलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. खालून पूल चालवणारा रूर्द बोलत होता. "गेर्लोफ, पोरीच्या लग्नाबद्दल अभिनंदन!"

"थँक्यू, थँक्यू. काय रे?"

"काही नाही, पूल वर अडकलाय. एका बोटीसाठी उघडला. आता खाली घ्यायला बटण दाबतो तर म्हणतंय, तुम्ही पूल चालवणारे नाही."

"मग?"

"मग काय, सोडलं मी बटण. आपण नाही तर नाही. माझी पाव-चीजची वेळ पण झालीच होती."

गेर्लोफ खिडकीशी धावला. गावाच्या मधोमध कालवा आणि कालव्यावरचा पूल आकाशाकडे हात करून उभा, जसा काही वर्गात उत्तर येणारा एकटाच पोरगा. दोन्ही काठांवर सायकलींची गर्दी. आणि पलीकडच्या काठावर, सामानाच्या तीनचाकी सायकलच्या पेटीत, पांढरा झगा गुडघ्याशी आवळून बसलेली नीनके. सायकल चालवणारा वेसेल. शेजारी निळ्या टोपीतली आफ्के.

गेर्लोफनं खण ओढून बैठकीचे कागद काढले. टिपण उघडलं. वाचलं. पुन्हा वाचलं. राहणाऱ्यांपुढं खूण. म्हणजे त्यानं राहणारे सगळे काढले होते आणि काढायचे ते तेवढे ठेवले होते. खुणा रेन्स्केनं मारलेल्या, आणि स्वतःच्या नावापुढची खूण त्यानं बघितलीसुद्धा नव्हती.

जिन्यात त्याला रेन्स्के भेटली. चेहरा पांढराफटक. "गेर्लोफ, अभिनंदन हं. मला एक सांग, मी कोण आहे?"

"तू रेन्स्के."

"ते मला माहितीय. सिस्टीम म्हणते मी कुणीच नाही. माझं दार उघडत नाही. मीटिंगची खोली मिळत नाही. आणि खोली मिळाल्याशिवाय यावर मीटिंग कशी घेणार?"

गेर्लोफनं सगळं सांगितलं. लपवायला ना वेळ होता, ना जागा. रेन्स्केनं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "हा मूर्खपणा आहे." इकडे माणसं असं तोंडावर बोलतात. मनाला लावून घ्यायचं नसतं. पण गेर्लोफनं लावून घेतलं.

खाली लग्नाच्या काउंटरपाशी लोटे उभी होती, जी लग्न लावणार होती ती. कोट चढवत होती.

"लोटे, कुठं निघालीस? पोरगी पलीकडं थांबलीय माझी!"

"माझा अधिकार गेलाय, गेर्लोफ. अधिकार नसताना मी लग्न लावलं तर ते लग्न नाही, नाटक आहे. मी पोहायला चाललेय. अधिकार परत आला की फोन कर."

"अगं, दहा मिनिटं थांब!"

"इथं थांबायचा पण अधिकार नाही म्हणतंय," लोटे म्हणाली आणि खरंच गेली. अशी माणसं. दार सताड उघडं असेल, पण पाटी म्हणाली आत येऊ नका, तर पावसात उभी राहतील.

गेर्लोफनं सिस्टीम विकणाऱ्या कंपनीला फोन लावला. बराच वेळ संगीत वाजलं. मग एक गोड आवाज आला. त्यानं सगळं सांगितलं. शेवटी जवळजवळ रडत म्हणाला, "बाई, फक्त माझा एकट्याचा अधिकार परत द्या. बाकीचं मी बघतो."

"नक्की देऊ. पण तसं सांगायचा अधिकार आपल्याला आहे का?"

"होता. सकाळी होता."

"मला इथं आपलं नाव दिसत नाही. तुमच्या गावाकडून असं सांगू शकेल असा एकच माणूस दिसतोय. सगळे अधिकार त्यांच्याकडेच आहेत. पूल, लग्न, जन्म, मृत्यू, वाचनालय, पोहण्याचा तलाव... अरे वा, महापौरांच्या गैरहजेरीत महापौरसुद्धा. श्री. शेर्प वाउडा. त्यांना फोन करायला सांगता का?"

गेर्लोफ तिथंच पायरीवर बसला.

शेर्प वाउडा म्हणजे गेर्लोफच्या आधी त्या खुर्चीत बसणारा माणूस. सिस्टीम त्यानंच बसवलेली. बसवताना प्रत्येक अधिकार चालतो का बघायला स्वतःला देऊन पाहिला, आणि चालतोय म्हटल्यावर कशाला काढा, म्हणून ठेवून दिला. ज्यांचे अधिकार काढायचे होते त्यात पहिलं नाव त्याचंच. बाकीच्यांपैकी निम्मे देवाघरी गेलेले आणि उरलेले स्पेनमध्ये उन्हात पडलेले.

अडला हरी गाढवाचे पाय धरी, हे ठीकच आहे. पण या गाढवाला हरीनं आधी लाथ मारलेली होती. शेर्पच्या निरोपसमारंभात गेर्लोफला चार शब्द बोलायला सांगितलं होतं. त्यानं चारच बोलले. "आता कामं तरी होतील." सगळे हसले. शेर्प हसला नाही. तेव्हापासून दोघांत बोलणं बंद. बेकरीत समोरासमोर आले तर शेर्प पावांशी बोलायचा.

"तो राहतो कुठं आता?" रेन्स्केनं विचारलं.

"बोटीवरच असतो दिवसभर." असं म्हणताना गेर्लोफची नजर दारातून कालव्याकडे गेली. ज्या बोटीसाठी पूल उघडला होता ती पुलाखालीच थांबलेली होती. डोलकाठी, तपकिरी शीड, आणि मागं खुर्ची टाकून बसलेला शेर्प. दोन्ही काठांची फजिती मधोमध बसून बघायला मिळतेय म्हटल्यावर तो कशाला पुढं जाईल?

गेर्लोफ काठावर जाऊन उभा राहिला. पलीकडून नीनकेनं त्याला बघितलं. "बाबा! पूल का अडकलाय?"

"होतंय, होतंय! थोडी अडचण आहे!"

"बाबा, तुम्ही काही केलंय का?"

गेर्लोफनं टाय सैल केला. पोरीचा झगा त्याला इतक्या लांबून पण नीट दिसत होता. आफ्केची टोपीही दिसत होती, आणि टोपीखाली काय चाललंय ते दिसायची गरज नव्हती.

"शेर्प!" गेर्लोफनं हाक मारली.

शेर्पनं पाण्यातल्या एका बदकाकडे बघितलं. "काय रे, कुणी हाक मारली का?" बदकाला विचारलं.

"शेर्प, मी गेर्लोफ. मला तुझी मदत पाहिजे. आत्ता."

शेर्पनं खिशातून डायरी काढली, बोट ओलं करून पानं उलटली. "आज सकाळी मासे. दुपारी झोप. गुरुवारी तीननंतर ये. अर्धा तास देतो."

"माझ्या पोरीचं लग्न आहे रे आत्ता!"

"अभिनंदन. बोलावणं आलं नाही मला."

काठावरची माणसं सायकली टेकवून नीट ऐकायला लागली. पुढं सरकायला बघत होती, पण मध्ये पाणी. गेर्लोफनं सगळं सांगितलं. खूण, प्रोग्राम, मागचं दार, फोनवाली बाई, लोटेचं पोहणं. शेर्प ऐकत गेला तसतसा त्याचा चेहरा फुलत गेला, सूर्यफुलासारखा.

"म्हणजे," शेर्प म्हणाला, "आत्ता या घडीला वाल्डरसिल नगरपालिका म्हणजे मी?"

"हो."

"एकटा?"

"हो रे बाबा, एकटा!"

"मग आता कामं होतील का रे, गेर्लोफ?"

गेर्लोफनं खाली मान घातली. चूक असती तर माफी मागणं सोपं असतं. पण तो तेव्हा जे बोलला होता ते खरं होतं, हीच पंचाईत. शेर्पच्या हातून खरंच काही होत नसे. तरी पलीकडं पोरगी पेटीत उभी राहिली होती, आणि वेसेल उद्या पहाटे जाणार होता.

"शेर्प, तुझ्यावाचून नगरपालिकेचं चालत नाही," गेर्लोफ पुटपुटला.

"ऐकू नाही आलं!" हे शेर्प नाही, काठावरचा कुणीतरी म्हातारा ओरडला.

"शेर्पवाचून चालत नाही!" गेर्लोफ जीव खाऊन ओरडला. दोन्ही काठांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईनं सायकलची घंटी वाजवली.

"बस बोटीत," शेर्प म्हणाला. "बूट पुसून बस." बोट पुलाखालून निघाली आणि कचेरीच्या धक्क्याला लागली.

शेर्पचं जुनं कार्ड त्याच्या पाकिटातच होतं. परत दे म्हणून कुणी सांगितलंच नव्हतं. दार त्याला बघून लगेच उघडलं. पासवर्ड विसरला असेल अशी गेर्लोफला भीती होती, पण पासवर्ड म्हणजे बोटीचं नाव निघालं, जे इतकी वर्षं बोटीच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत सगळं गाव वाचत होतं. शेर्पनं आधी रूर्दला खुर्चीवरून उठवलं आणि पूल खाली घेतला. पूल टेकला तशी माणसं धो धो या काठावर आली, आणि त्यात नीनके, वेसेल आणि आफ्के.

"आता लोटेचा अधिकार दे," गेर्लोफ घाईनं म्हणाला. "ती तलावावर आहे, फोन केला की येईल."

"लोटे काय?"

"झायलस्ट्रा."

"झेडवरून. म्हणजे अगदी शेवटी." शेर्पनं चष्मा चढवला. "मी आपला पहिल्या अक्षरापासून जाणार. कुणाला वशिला नाही."

"अरे, प्रोग्राम लिहून देतो ना तुला, एका दमात सगळे होतील!"

शेर्पनं चष्म्यावरून त्याच्याकडं फक्त बघितलं. रेन्स्के मागं उभी होती. गेर्लोफनं तिच्याकडं आशेनं मान वळवली. ती म्हणाली, "क्रम मोडायचा तर सगळ्यांनी बसून ठरवावं लागेल."

शेर्प एका बोटानं एकेक अक्षर शोधत, प्रत्येक नावाला सिस्टीमच्या तिन्ही प्रश्नांना मोठ्यानं "हो, नक्की" म्हणत पुढं जाऊ लागला. पहिलं नाव होताच त्यानं दमून बोटं कडाकडा मोडली. साडेनऊ वाजले. फुकट लग्नाची वेळ सुरू झाली, आणि ती वेळ काही कुणासाठी थांबत नाही. मागं दुसरं जोडपं हातात हात घालून येऊन उभंही राहिलं.

नीनकेच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाबा, मी तुम्हाला एकच गोष्ट सांगितली होती."

गेर्लोफनं टाय सोडून खिशात कोंबला. त्याला वाटलं, आपणही त्या स्पेनवाल्यांसारखं कुठंतरी जाऊन पडावं. नाहीतर त्या दुसऱ्या निम्म्यांसारखं.

आफ्केनंच तोंड उघडलं. "काय हो शेर्प, त्या फोनवाल्या बाईनं सगळे अधिकार तुमच्याकडं आहेत म्हटलं ना? मग त्यात लग्नाचा पण असेल."

शेर्पनं चार-दोन बटणं दाबली. "आहे की," तो हळूच म्हणाला, जसा काही जुन्या खिशात विसरलेली नोट सापडावी.

"मग लावा," आफ्के म्हणाली.

शेर्पनं कोळ्याची टोपी काढली, केस चापले, अंगावरचा मासळीचा वास तसाच ठेवला. पडद्यावर जे येईल ते तो वाचत गेला, "पुढे जाण्यासाठी इथे दाबा"सुद्धा वाचलं. नीनकेला विचारलं, "करतेस का लग्न?" ती हो म्हणाली. वेसेलला विचारलं. तो हो म्हणाला. शेर्पनं सही केली आणि मग त्याचाच ऊर भरून आला. "माझं आयुष्यातलं पहिलंच काम पुरं झालेलं," तो म्हणाला. गेर्लोफ रडत होता. ते आनंदानं की कशानं, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

सगळे अधिकार परत मिळायला संध्याकाळ झाली. वेसेल दुसऱ्या दिवशी पहाटे जहाजावर गेला, नीनके त्याच्या घरी राहायला गेली, आणि गेर्लोफ सकाळी खुर्चीत येऊन बसला. एकच काम उरलं होतं. शेर्पचे अधिकार काढणं. या वेळी मागच्या दारानं नाही. पुढच्या दारानं, पडद्यावरून, चष्मा पुसून.

सिस्टीमनं तीनदा विचारलं नाही. एकदाच विचारलं, लांबलचक. या माणसानं काल एक लग्न नोंदवलं आहे. त्याचे अधिकार कायमचे काढल्यास ते लग्न अधिकाराविना झालं असं धरून रद्द होईल. काढायचे का?

गेर्लोफनं कंपनीला फोन केला. गोड आवाज म्हणाला, होय, तसंच आहे, काही करता येत नाही, आणि मुलीच्या लग्नाबद्दल अभिनंदन.

तेवढ्यात दार उघडलं. शेर्प काखेत उशी घेऊन उभा. "दार अजून उघडतं मला," तो खूष होऊन म्हणाला. "म्हटलं येत जाऊ रोज. घरी बसून काय करायचं? सरक जरा." आणि उशी ठेवून तो गेर्लोफच्या खुर्चीवर बसला.

संध्याकाळी जेवताना गेर्लोफनं आफ्केला सगळं सांगितलं. बटाट्याला त्यानं हातही लावला नव्हता.

"आज त्यानं वाचनालय बंद केलं. कसं ते त्यालाच माहीत नाही. उद्या पोहण्याचा तलाव बघणार म्हणाला. आफ्के, मी वेडा होईन."

"मग काढून टाक की त्याला."

"काढतो. पण मग नीनकेचं लग्न रद्द. वेसेल हिवाळ्यापर्यंत समुद्रात. ती परत येणार इथं, आपल्याकडं, माझ्यावर तोंड फुगवून."

आफ्केनं काटा खाली ठेवला. वरच्या मजल्यावरून ताज्या रंगाचा वास येत होता.

"तिच्या खोलीत आजच मी माझं शिवणाचं मशीन नेऊन ठेवलंय," ती म्हणाली. "शेर्पला राहू दे."